अर्धा कागद कोरा ठेवूनही चित्र का जमत नाही?

प्रश्न थोडक्यात : वाचकाचं वय २९. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी फ्लेक्स आणि रेडियमच्या दुकानात डिझायनरची नोकरी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड होती, पण घरच्या परिस्थितीमुळे कलेचं पुढचं शिक्षण राहून गेलं. रविवारी घाटावर बसून ते जलरंगात स्थळचित्रं करतात. गेल्या हिवाळ्यात बाहेरगावचे काही चित्रकार घाटावर आले होते. त्यांतल्या एका ज्येष्ठांनी यांची वही चाळली आणि एवढंच म्हणाले, "हात चांगला आहे, पण निगेटिव्ह स्पेस समजून घ्या." तेव्हापासून हे अर्धा कागद मुद्दाम कोरा सोडतात. वडील म्हणतात, "अर्धंच काढलंस की रे." स्वतःलाही ही चित्रं मेल्यासारखी वाटतात. दुकानात तर उलटी तऱ्हा, गिऱ्हाईक बोटभर जागा मोकळी सोडू देत नाही. ते विचारतात : रिकामी जागा किती सोडायची याचं काही माप आहे का? ही नजर शिकून येते की जन्मतःच असावी लागते? नोकरी सोडून जी. डी. आर्ट या कलेच्या पदविकेला जावं का?

उत्तर :

पत्रासोबतचे फोटो पाहिले, जुन्या चित्रांचे आणि नव्यांचेही. मत विचारलंत म्हणून सांगते, जुनी जास्त चांगली आहेत. घाट, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, पिंपळ, देवळाचा कळस, सगळं कागदाच्या कडेपर्यंत ठासून भरलंय. काही ठिकाणी दाटी होते हे खरं, पण बघणाऱ्याला त्यात हिंडता येतं. नव्या चित्रांत डावीकडे एक देऊळ आणि पुढे सगळा कोरा कागद. वडिलांना चित्रातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय. या बाबतीत मात्र त्यांचं निदान बरोबर आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. माप नाही. एक तृतीयांश, अर्धा, साठ टक्के असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

पण त्या प्रश्नामागे एक समजूत आहे, तिच्याकडे बघू. तुमच्या हिशेबात देऊळ, झाड, माणूस ही चित्रातली जमा, आणि ते काढून झाल्यावर उरते ती शिल्लक. ज्येष्ठांनी निगेटिव्ह स्पेस म्हटल्यावर तुम्ही शिल्लक वाढवलीत. त्यांना बहुधा वेगळंच म्हणायचं होतं. देवळाचा कळस आणि पिंपळाची फांदी यांच्यामध्ये आकाशाचा जो तुकडा अडकलाय त्यालाही आकार आहे, आणि तो तुम्ही बघितलेला नाही. तुम्ही कळस बघितला, फांदी बघितली, दोन्ही मन लावून काढलीत. मधला तुकडा आपोआप झाला. कागदावर तो आपोआप झालेलाच दिसतो.

वस्तूचा आकार ती पॉझिटिव्ह स्पेस. वस्तूंच्या मधला आणि भोवतालचा आकार ती निगेटिव्ह. व्याख्या एवढीच. लक्षात ठेवायचं ते हे की दोघींची कड सामाईक असते. कळसाची उजवी कड हीच आकाशाच्या तुकड्याची डावी कड. रेषा एकच, त्यामुळे ती चुकली की दोन्हीकडे चुकते. कळस फार वेळ बघूनही जमत नसेल, तर शेजारच्या आकाशाकडे बघून तो जमतो, तो याच कारणाने.

हे तुम्हाला नवीन नाही. दुकानात तुम्ही रोज करता. काचेवरचं नाव रेडियममध्ये कापताना प्लॉटर, म्हणजे कापायचं यंत्र, फक्त रेषा मारतो. त्या क्षणी शीटवर अक्षर आणि अक्षराबाहेरचा भाग दोन्ही एकाच रंगाचे, सारखेच चिकटलेले. मग कटरच्या टोकाने तुम्ही 'व'च्या, 'ठ'च्या पोटातला तुकडा सोलून काढता. टाकून देण्याआधी तो कधी बोटावर घेऊन बघितलाय? फॉन्ट बदलला की त्याचा आकार बदलतो. अति जाड फॉन्टमध्ये ही पोटं बुजतात आणि रस्त्यापलीकडून नाव वाचता येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं अक्षर आणखी जाड करा. तुम्हाला माहीत असतं की जाड केल्यानेच ते बिघडलंय. स्टेन्सिल कापताना तर सगळं उलटं होतं. तिथे अक्षर म्हणजे भोक, आणि 'व'चं पोट गळून पडू नये म्हणून मध्ये पट्टी राखावी लागते. म्हणजे कोणता भाग आकार आणि कोणता भाग जागा, हे कामाप्रमाणे फिरवायची सवय तुमच्या हाताला आहे. घाटावर जाताना तुम्ही ती दुकानात ठेवून जाता.

याने दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं. समोरासमोर दोन चेहरे की मध्ये एक चषक, हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांच्या १९१५ सालच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झालं. चित्राची गंमत सगळे सांगतात, रुबिन यांनी नोंदवलेली गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. दोन भागांमधली कड आपण एका वेळी एकाच बाजूला देऊन टाकतो. ज्या बाजूला ती मिळाली ती बाजू आकार म्हणून दिसते. दुसऱ्या बाजूला मग आकारच उरत नाही. ती पहिलीच्या मागून पुढे पसरत गेल्यासारखी वाटते. सगळ्यांचे डोळे असंच करतात. रस्ता ओलांडताना आपल्याला एसटी दिसायला हवी. एसटी आणि विजेचा खांब यांच्यातला आकाशाचा तुकडा दिसून काय उपयोग? तेव्हा मधली जागा न दिसणं हा काही तुमच्यातला उणेपणा नाही. ही नजर घेऊन कोणीच जन्माला येत नाही. चित्र काढताना थोडा वेळ कडेचा मालक बदलायचा असतो, आणि ते सरावाने येतं.

इंटरनेटवर शोधाशोध केलीच असेल. तिथे पहिल्यांदा फेडेक्सच्या नावातला बाण दाखवतात, इंग्रजी ई आणि एक्स या अक्षरांच्या मधला. सुरेख काम आहे, वाद नाही. पण अशा उदाहरणांनी लोकांची समजूत होते की निगेटिव्ह स्पेस म्हणजे लपवलेलं चित्र. ते तिचं करमणुकीचं टोक. एशर या डच कलावंताचं १९३८ सालचं एक लाकूडठशाचं चित्र आहे. त्यात वर पक्षी, खाली मासे. पक्ष्यांमधली जागा खाली येता येता माशांचा आकार घेते. टोक तेच, फक्त फार वरच्या दर्जाचं. तुम्हाला घाट रंगवायचाय, कोडं घालायचं नाहीये. या वाटेला फार जाऊ नका.

तुमच्या कामाचं उदाहरण तुमच्याच वहीत आहे. पारदर्शक जलरंगात उजेडासाठी पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचा पांढरा राखतात. ऊन पडलेली देवळाची भिंत तुम्ही रंगवतच नाही. तिच्यामागचा गडद पिंपळ रंगवता. पिंपळ थांबतो तिथे भिंत उभी राहते. तुमच्या जुन्या चित्रात पायरीवर बसलेली बाई आहे ना, तिच्या पदराची उजळ कड मागच्या पाण्याच्या गडद हिरव्याने काढलीय. पेन्सिलची रेघ नाही, काही नाही. सगळ्या वहीतला तो सर्वांत चांगला दोन इंचांचा भाग आहे, आणि त्या चित्रात कोरी जागा जवळजवळ नाहीच.

मग नवी चित्रं का फसली? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं कागदाच्या कडांचं. तुमचं देऊळ डावीकडे असलं तरी कुठल्याच कडेला टेकत नाही. त्याच्या चारी बाजूंनी कोरं सलग फिरतं, आणि सलग फिरणाऱ्या जागेला आकार येत नाही. आकार यायला ती कुठेतरी तुटावी लागते. पायऱ्यांची ओळ उजव्या कडेबाहेर जाऊ द्या. पिंपळाची एक फांदी वरच्या कडेबाहेर जाऊ द्या. लगेच कोऱ्याचे वेगवेगळे तुकडे पडतील आणि प्रत्येक तुकड्याची एक-दोन बाजू कागदाच्या कडेची असेल. आता त्यांच्याकडे बघून ठरवता येईल. सगळे सारख्याच मापाचे झाले तर चित्र सुस्त होतं. एक बराच मोठा, एक मध्यम आणि एखादी चिंचोळी फट असली की डोळा फिरायला लागतो. हा नियम नाही, पण अडलात तर इथून सुरुवात करा.

दुसरं कारण देवळाच्या कडांचं, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण वडिलांच्या तक्रारीचं मूळ इथे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीला जपानमध्ये हासेगावा तोहाकु नावाचे चित्रकार होते. त्यांचं पाइनच्या झाडांचं चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सहा-सहा घड्यांच्या पडद्यांची जोडी, कागदावर काळी शाई. बहुतेक कागदाला कुंचला लागलेलाच नाही. तरी बघणाऱ्याला कोरा कागद दिसत नाही, धुकं दिसतं. जवळच्या झाडांवर गडद, खरखरीत फटकारे आहेत. मागची झाडं फिकी होत गेलीत, शेंडे आणि बुंधे कुठे संपतात ते सांगता येत नाही. झाड असं विरत गेल्यामुळे शेजारचा कागद धुकं होतो. सगळी झाडं सारख्या काळ्या रंगाची आणि सारख्या धारेची असती, तर कागद कागदच राहिला असता.

तुमच्या देवळाला चारही बाजूंनी सारखी धार आहे. आधी पेन्सिलने बाह्यरेषा, मग तिच्या आत रंग. दुकानातली कटिंगची सवय इथे नडते. देऊळ शेजारच्या जागेशी कुठे बोलतच नाही, मग त्या जागेला कळणार कसं की आपण आकाश आहोत, पाणी आहोत की ऊन? पुढच्या रविवारी एवढंच करा. उन्हाच्या बाजूला भिंतीची कड एका ठिकाणी हरवू द्या, भिंतीचा पांढरा आणि आकाशाचा पांढरा एकमेकांत जाऊ द्या. खालच्या पायऱ्या पाण्याला मिळतात तिथे कागद ओला असतानाच रंग सोडा आणि कड विरघळू द्या. सावलीच्या बाजूची धार तशीच ठेवा. कोरी जागा आजच्याइतकीच राहील, पण वडील अर्धंच काढलंस म्हणणार नाहीत.

रिकामी दिसणारी जागा न रंगवलेली असते, हाही गैरसमज काढून टाका. स्पॅनिश चित्रकार वेलास्केस यांच्या १६५६ सालच्या 'लास मेनिनास'मध्ये राजकन्या, दासी, कुत्रा, स्वतः चित्रकार, सगळे खालच्या अर्ध्यात आहेत. वरचा अर्धा म्हणजे दालनाचा काळोख. कॅनव्हासची उंची तीन मीटरहून जास्त, म्हणजे दीड मीटरहून उंच, जवळजवळ माणसाएवढा काळोख त्यांनी रंगवलाय. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे यांची चित्रं बघा. आधी वाटतं, इथे काही नाही. पण रोलरने रंग चढवणं, सुरीने खरवडणं, पुन्हा थर देणं, असं करत ती पृष्ठं तयार झालेली आहेत. गायतोंडे यांच्या चित्रातली कोणती जागा पॉझिटिव्ह आणि कोणती निगेटिव्ह यावर माझ्या वर्गात विद्यार्थी भांडतात. मी भांडू देते.

म्हणजे निगेटिव्ह स्पेस काळी असेल, रंगीत असेल, तिच्यावर नक्षीही असेल. पांढरं ते निगेटिव्ह आणि काळं ते पॉझिटिव्ह, असं समीकरण करू नका. उजेड-काळोखाची मांडणी ही वेगळी गोष्ट आहे, जपानी त्याला 'नोतान' म्हणतात. वारली भिंतीवर तर आकृती पांढरी आणि जागा गेरूची.

वारलीचं नाव निघालंच आहे तर दाटीबद्दल बोलू, कारण तुम्ही तुमच्या भरलेल्या चित्रांची लाज वाटून घ्यायला लागलाय असं पत्रातून जाणवलं. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मिळतील तिथे बघा. माणसं, झाडं, जनावरं, जाळी, रेघारेघांची इतकी गर्दी की मोजता येणार नाही. पण निरखलंत तर प्रत्येक माणसाभोवती त्याची त्याची फट राखलेली दिसेल. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्या टोकाच्या दोन्ही बाजूंना भिंतीची जी खाच पडते, तिच्यामुळे कंबर लचकते. त्रिकोणांमुळे नाही, खाचेमुळे. तारपा नाचात नाचणाऱ्यांची साखळी वळत वळत आत जाते. तिच्यामधल्या भिंतीवर काही काढलेलं नसतं, तरी ती आपल्याला पायांखालची जमीन वाटते. भरलेल्या चित्राचं आणि मधल्या जागेचं वैर नाही. तुमची घाटाची जुनी चित्रं भरलेलीच राहू द्या. त्यांतल्या फटी तेवढ्या नीट बघून काढा.

शाळेतल्या परीक्षेने भरायची सवय लावली, अशी तुमची तक्रार आहे. मला ती पटत नाही. संकल्पचित्रात पानाफुलांच्या मधली जमीन तुम्ही पोस्टर कलरने किती जपून रंगवायचात ते आठवा. सपाट ब्रश, रंग पानावर जाऊ नये म्हणून श्वास रोखून. तेव्हा तुम्ही जमिनीचाच आकार काढत होतात. ड्रॉइंगचे सर पाकळी सुधारायला सांगताना मधली जागा सारखी आली नाही असंही म्हणत असतील. परीक्षा संपली आणि ते मागे पडलं.

आणि दुकानातलं गिऱ्हाईक? त्याच्याशी भांडू नका. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे हजेरीपट असतो. कोणाचा फोटो राहून गेला तर कोणी रुसणार, ही तिथली खरी चिंता, आणि ती रास्त आहे. तिथे जागेचं भाडं चेहऱ्यांप्रमाणे ठरतं. फार तर मुख्य नाव आणि बाजूच्या फोटोंमधलं अंतर दोन बोटं वाढवून बघा, नाव लांबून जास्त उठून दिसलं तर गिऱ्हाईकच खूश होईल. नाही दिसलं तर त्याच्या म्हणण्यासारखं करून द्या. कलेची सगळी लढाई बारा बाय आठच्या फ्लेक्सवर लढायची गरज नाही.

आता करायचं काय. हे फक्त तुमच्यासाठी नाही, घरी बसून चित्रं काढणाऱ्या बऱ्याच वाचकांची हीच अडचण असते.

दुकानात फ्लेक्स चढवायला घोडाशिडी असेलच. ती थोडी तिरकी उभी करा आणि तिचं चित्र काढा, पण शिडी काढायची नाही. पायऱ्यांच्या मधल्या फटी काढायच्या. चारही बाजूंनी बंद असलेली एक फट निवडा, तीच पहिली काढा, आणि बाकीच्या फटी तिच्याशी ताडून बघा : हिच्यापेक्षा रुंद की अरुंद, कोन किती कललाय. फटी जुळत गेल्या की शिडी आपसूक तयार होते, आणि नेहमीपेक्षा बरोबर येते. कारण शिडी कशी दिसते याचा एक ठरीव नमुना डोक्यात असतो आणि हात समोरचं सोडून तोच काढतो. फटीचा नमुना डोक्यात नसतो, त्यामुळे बघावंच लागतं. अमेरिकेतल्या बेट्टी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या पुस्तकामुळे हा सराव जगभर गेला. त्या खुर्ची घेत. त्यांनी त्याला उजव्या-डाव्या मेंदूचं जे स्पष्टीकरण जोडलं ते आज कोणी तसं मानत नाही, सराव मात्र चोख आहे. घरात शिडी नसेल तर तीन पायांचं स्टूल, कपड्यांचा हँगर, भिंतीला टेकवलेली सायकल, काहीही चालेल. घागर घेऊ नका, तिच्यात फटीच नाहीत.

हे दोन-तीन आठवडे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंतर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला एक खिडकी कापा. तुमचा कागद ११ बाय १५ इंचांचा दिसतो, म्हणून खिडकी साडेपाच बाय साडेसात सेंटिमीटर. प्रमाण तेच राहिलं पाहिजे, नाहीतर खिडकीत बसलेलं कागदावर बसणार नाही. एक डोळा मिटून घाटाकडे बघा आणि खिडकी सावकाश डावी-उजवी सरकवा. देवळावर लक्ष ठेवू नका, देवळाच्या दोन्ही बाजूंचे आकाशाचे तुकडे कसे कमी-जास्त होतात ते बघा. एका जागी ते पटतील. का पटले ते शब्दांत सांगता आलं नाही तरी चालेल. फोटो काढणाऱ्यांनीही हे करून बघावं. दोन पावलं सरकलं की नवरदेवाच्या डोक्यातून उगवलेला खांब बाजूला होतो.

तुमच्या घाटावर दीपमाळ आहे, ती तुम्ही मागे कुठेतरी अंधूक काढून टाकलीय. या कामासाठी तिच्याइतकी चांगली गोष्ट नाही. एकच फिका राखाडी रंग घ्या आणि फक्त आकाश रंगवा, दीपमाळेच्या हातांमधलं. दगडाला रंग लावायचाच नाही. वर हात आखूड होतात, तशा फटी कशा बदलतात ते बघा. पिंपळाचंही असंच, पानांच्या झुबक्यांमधून दिसणाऱ्या आकाशाची भोकं आधी हेरून ठेवा. सगळ्या झाडावर सारख्या अंतराने भोकं पडली तर झाडाची चाळण होते. दोन-तीन ठिकाणी गटाने येऊ द्या. ही भोकं मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद लावा. लहान भोकात तेवढाच उजळ रंग ठेवला तर तो झाडापुढे येऊन चमकतो.

रंग लावण्याआधी काड्यापेटीएवढ्या चौकटीत काळ्या मार्करने दोनच छटांचं टिपण करायची सवय लावा, आणि ते उलटं धरून बघा. उलटं धरल्यावर देऊळ देऊळ राहत नाही, फक्त तुकडे राहतात. पाच मिनिटांचं काम आहे.

बघायला कुठे जावं असंही तुम्ही विचारलंय. वेरूळला शाळेच्या सहलीत गेला असाल, पुन्हा जा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं कैलास लेणं डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलंय. दगडावर दगड रचलेला नाही. आज आपण ज्या अंगणात उभे राहतो ते अंगणच कारागिरांनी कोरलं, आणि मधलं राहिलं ते देऊळ. वर डोंगरावर जाऊन खाली बघा, तिथून हे जास्त कळतं. याची बरोबर उलटी बाजू ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी केली. १९९३ मध्ये पूर्व लंडनमधलं एक घर त्यांनी आतून काँक्रीटने भरलं आणि भिंती काढून टाकल्या; खोल्यांमधली हवा घट्ट होऊन उभी राहिली. काही महिन्यांत ते पाडलं गेलं, फोटो मात्र आहेत. तुमच्यापासून फार लांब नाही असं ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय. तिथे हेन्री मूर यांचं माता आणि बालकाचं शिल्प आहे. दगडाला आरपार भोक पाडून त्या भोकाला आकार म्हणून उभं करणारे हे शिल्पकार. समोरून बघून परत येऊ नका, भोवती फिरा.

वाचायचं असेल तर प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास'. मराठीतच लिहिलेलं आहे, आणि चित्रकाराने स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेलं आहे. त्यांच्या चित्रांत ओळखीच्या वस्तू एकमेकींपासून सुट्या ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यामधलं अंतर वस्तूंइतकंच बोलतं. बरवे विणकर सेवा केंद्रात डिझायनरची नोकरी करत चित्रं काढत होते, हेही तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येते. जी. डी. आर्ट किंवा बी. एफ. ए. ही कलेची पदवी केल्याने काय मिळतं? समोर माणूस बसवून रोज रेखाटन, बरोबरीची मुलं, आणि तुमचं चित्र भिंतीला लावून त्यावर तोंडावर बोलणारं कोणीतरी. ही शेवटची गोष्ट एकट्याने घाटावर बसून मिळत नाही, आणि मला वाटतं तुम्हाला खरी उणीव तिची आहे. ज्येष्ठांच्या एका वाक्यावर तुम्ही अख्खा हिवाळा-उन्हाळा काढलात, कारण दुसरं वाक्य बोलायला कोणी नव्हतं. पण त्यासाठी काही वर्षांचा पगार सोडायचा का, हे चित्रकलेचं गणित नाही, घरखर्चाचं आहे. ते वडिलांशी बसून करा. निगेटिव्ह स्पेस समजत नाही म्हणून मात्र प्रवेश घेऊ नका. तेवढ्यासाठी शिडी पुरे.

मधली वाट अशी की सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे इथे रविवारी एकत्र बाहेर पडून स्थळचित्रं करणारे गट असतात, एखाद्यात सामील व्हा. चित्रं करून झाल्यावर सगळे ती जमिनीवर मांडतात आणि बोलतात. वर्षभर ते करा. वर्षाने शिकायची भूक वाढली असेल तर अर्ज भरा. वर्गात तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलं असतील, त्याचा बाऊ करू नका.

आणि ते ज्येष्ठ चित्रकार येत्या हिवाळ्यात पुन्हा आले तर वही घेऊन जा, पण या वेळी कसं वाटलं असं विचारू नका. एक चित्र उघडा आणि विचारा, यातली कोणती जागा तुम्हाला खटकते, बोट ठेवून दाखवा. प्रवेशाचंही त्यांनाच विचारा. मी फोटो पाहिलेत, त्यांनी वही पाहिलीय.